चार मोदक आणि तेरावा डबा : भागाकारातील ‘बाकी’ समजून घेण्याचे एक प्रकरण

२०२४ च्या गणेश चतुर्थीला, पुण्यात दत्तवाडीतल्या एका घरी, उकडीच्या मोदकांचा तेरावा डबा तीन मोदकांनी अपुरा राहिला. त्या घरातली आई सणावारी मागणीप्रमाणे मोदक, पुरणपोळ्या आणि फराळाचे पदार्थ करून देते. त्या दिवशी तिला अकरा-अकरा मोदकांचे तेरा डबे द्यायचे होते. मोदकांचा हिशेब पाचवीत शिकणाऱ्या तिच्या मुलीने कागदावर मांडून केला होता आणि त्या मांडणीत एकही अंक चुकलेला नव्हता. तरीही डबा अपुरा का राहिला, हे शोधताना भागाकाराचे चार भाग आपण मुलांना कसे शिकवतो याविषयी मला जे उमगले, ते येथे सविस्तर नोंदवत आहे.

मी प्राथमिक शाळेत चोवीस वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर त्याच परिसरातल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवते. ही मुलगी तिथे नियमित येते. आई आणि मुलगी या दोघींना विचारूनच हे लिहीत आहे. नाव मात्र मुद्दाम दिलेले नाही.

प्रसंग

त्या घरातल्या मोदकपात्रात एका वेळी सतरा मोदक मावतात. पहाटेपासून आठ घाणे उतरले होते, म्हणजे १३६ मोदक तयार होऊन ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेले होते. परातीत थोडी उकड आणि पातेल्याच्या तळाशी थोडे सारण उरले होते. आईचे हात उकडीने माखलेले असल्याने तिने मुलीला विचारले, “अगं, एकशे छत्तीस झालेत. अकराचे किती डबे होतील आणि शेवटच्या डब्यासाठी आणखी किती वळायला लागतील, तेवढं बघून सांग.”

मुलीने वहीच्या मागच्या पानावर १३६ ला ११ ने भागले. भागाकार १२ आला, बाकी ४ आली. तिने सांगितले, “बारा डबे, बाकी चार. आई, चार करायला लागतील.”

आईने चार मोदक वळले, ते वाफवायला ठेवले आणि राहिलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरे व कोथिंबीर घालून तिच्या निवग्र्या करून टाकल्या. डबे भरायला घेतले तेव्हा बारा डबे व्यवस्थित भरले आणि तेराव्यात आठच मोदक पडले. आधीचे चार आणि नंतरचे चार. हवे होते सात, केले चार. उकड संपलेली, सारण खरवडून झालेले आणि ग्राहक दाराशी उभा. आईने तीन मोदकांचे पैसे वळते करून डबा दिला. मुलीला ती काहीही बोलली नाही, परंतु सणाच्या दिवशी ग्राहकाला अपुरा डबा द्यावा लागला, ही गोष्ट मुलीच्या मनाला फार लागली.

गौरी गेल्यानंतरच्या आठवड्यात ती अभ्यासिकेत आली आणि दप्तर खाली ठेवण्याआधीच म्हणाली, “बाई, मला भागाकार येत नाही.” तिची शाळेची वही मी पाहिली. भागाकाराच्या दोन पानांवर एकही लाल खूण नव्हती.

तपासणी

प्रथम मी तिला तोच हिशेब पुन्हा करायला लावला आणि प्रत्येक भागाचे नाव लिहायला सांगितले. तिने क्षणाचाही विचार न करता नावे लिहिली : आत भाज्य, बाहेर भाजक, वर भागाकार, खाली बाकी. कोणत्याही चाचणीत तिला यासाठी पूर्ण गुण मिळाले असते. पण ती नावे लिहिताना तिची नजर संख्यांकडे नव्हती, मांडणीतल्या जागांकडे होती, हे माझ्या लक्षात आले. म्हणून मी तिच्या आजोबांच्या पद्धतीने तोच भागाकार मांडला. जुन्या पिढीतले अनेक जण भाजक डावीकडे, भाज्य मध्ये आणि भागाकार उजवीकडे कंसाबाहेर लिहितात :

११ ) १३६ ( १२

ही मांडणी तिने घरी पाहिलेली होती. तरीही आता नावे लिहिताना ती उजवीकडच्या १२ पाशी अडखळली. “बाई, वर तर काहीच नाही,” असे ती म्हणाली आणि १२ ला नाव न देताच तिने पेन्सिल खाली ठेवली. वर असतो तो भागाकार, हीच तिची व्याख्या होती. वरची जागा रिकामी झाल्यावर भागाकारही नाहीसा झाला.

नंतर मी एक शाब्दिक उदाहरण दिले. एका डब्यात ९ लाडू मावतात, तर ७५ लाडवांना किती डबे लागतील? तिने भागाकार अचूक केला, ८ आणि बाकी ३. उत्तराच्या ओळीत मात्र लिहिले, “८ डबे, बाकी ३ डबे.” तीन डबे कुठून आले, असे विचारल्यावर ती गोंधळली, पण ते खोडायलाही तयार नव्हती, कारण भागाकारापुढे ‘डबे’ लिहिले तर बाकीपुढेही ‘डबे’च लिहायला हवे, असे तिला वाटत होते.

पुढचे उदाहरण ४ भाकऱ्या ८ जणांत सारख्या वाटण्याचे होते. तिने ८ आत लिहिले, ४ बाहेर लिहिले आणि उत्तर २ काढले. मोठी संख्या आत, लहान संख्या बाहेर, हा नियम तिला कोणी शिकवला होता की सगळीच उदाहरणे तशी सोडवून तो तिने स्वतःच बांधला होता, हे तिला सांगता आले नाही. मला वाटते, दुसरीच शक्यता अधिक आहे. तिसरी-चौथीपर्यंत मुलांसमोर येणाऱ्या बहुतेक सर्व उदाहरणांत भाज्य मोठा आणि भाजक लहानच असतो. मुले अशा पुनरावृत्तीतून नियम काढतात आणि तो आपण शिकवलेल्या नियमापेक्षा घट्ट धरून ठेवतात.

६१८ ला ६ ने भागताना तिने १३ लिहिले, मधले शून्य सोडून दिले. ती चूक वेगळ्या जातीची, स्थानिक किमतीची आहे. तिच्यावर नंतर स्वतंत्रपणे काम केले, म्हणून येथे तिचा विस्तार करत नाही.

एकच शब्द, दोन वह्या

इथवरच्या तपासणीतून तेराव्या डब्याचा उलगडा होत नव्हता. भागाकाराचे नाव जागेवर अडकलेले होते हे खरे, पण मोदकांच्या हिशेबात तिने भागाकार बरोबर सांगितला होता. चूक बाकीपाशी झाली होती. म्हणून मी तिला सरळ विचारले, “बाकी म्हणजे काय गं?”

ती म्हणाली, “द्यायचं राहिलं ते.”

दुसऱ्या दिवशी मी तिला आईची ऑर्डरची वही आणायला सांगितली. त्या वहीत प्रत्येक ग्राहकापुढे तीन रकाने आखलेले होते : एकूण, जमा, बाकी. दोन डब्यांची मागणी असलेल्या एका ग्राहकापुढे एकूण ७००, जमा ५००, बाकी २०० असे लिहिले होते. संध्याकाळी आई दमलेली असली की हा रकाना मुलगीच भरते. म्हणजे शाळेत ‘बाकी’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून तो तिच्या वापरात होता आणि त्याचा अर्थ पक्का होता : पूर्ण रक्कम व्हायला जेवढे कमी पडते, ते. ग्राहकाकडून २०० रुपये आले की बाकी मिटते आणि हिशेब पुरा होतो.

आता तिचे मोदकांचे उत्तर पुन्हा वाचावे. बारा डबे, बाकी चार. ग्राहकाच्या दोनशे रुपयांप्रमाणेच चार मोदक यायचे राहिले आहेत, ते आले की तेरावा डबा पुरा होईल. आईच्या वहीतला अर्थ धरला तर हा विचार पूर्णपणे सुसंगत आहे. शाळेच्या वहीत मात्र बाकी म्हणजे डबे भरून झाल्यावर हातात उरलेले मोदक. एका वहीतली बाकी ही उणीव आहे, दुसऱ्या वहीतली बाकी ही शिल्लक आहे, आणि दोन्ही ठिकाणी शब्द तोच आहे.

मराठीत हा शब्द वजाबाकीतही बसलेला आहे. सातशेतून पाचशे वजा केले की बाकी दोनशे, ही हिशेबाची जुनी भाषा असून ‘वजाबाकी’ हे क्रियेचे नावच त्यातून बनलेले आहे. वजाबाकीत बाकी हेच उत्तर असते. भागाकारात बाकी उत्तराशेजारी येते. ज्या मुलांच्या घरी उधारीची वही आहे, दुकान आहे, भिशी आहे, त्यांना बाकीचा तिसरा, सर्वांत जिवंत अर्थ रोज ऐकू येतो. इतकी वर्षे शिकवूनही हा विचार माझ्या मनात आला नव्हता, याची मला खंत वाटते.

शब्दांच्या घडणीविषयी

मराठी माध्यमाच्या मुलांपर्यंत ही नावे ज्या पुस्तकांतून पोहोचतात, ती बालभारतीची पुस्तके पुण्यातच, सेनापती बापट रस्त्यावरच्या कार्यालयात तयार होतात. संस्थेची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, हे सूत्र तिथून पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वह्यांत आले. या चार शब्दांपैकी दोन संस्कृतातले, एक क्रियेचेच नाव आणि एक अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत रुजलेला आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती रचली, तिच्यात भाज्य हाच शब्द आहे आणि ज्याने भागायचे त्याला हर म्हटले आहे. उरलेल्यासाठी जुन्या गणितात शेष हा शब्द होता. तो शब्द शाळेतून पूर्ण गेलेला नाही. ‘निःशेष भाग जातो’ असे आपण आजही म्हणतो, म्हणजे शेष काही राहत नाही. पण निःशेष शिकवताना त्यातला शेष आणि बाकी एकच आहेत, हे सांगितलेले मी क्वचितच ऐकले आहे.

भाज्य आणि भाजक हे शब्द मुलांना सर्वाधिक गोंधळात टाकतात, कारण ते ऐकायला जवळजवळ सारखे आहेत. वास्तविक त्यांची घडण समजली तर ते पाठ करण्याची गरजच उरत नाही. लेखक लिहितो, वाचक वाचतो, गायक गातो, तसा भाजक भागतो. पूज्य म्हणजे ज्याची पूजा करायची, त्याज्य म्हणजे ज्याचा त्याग करायचा, तसे भाज्य म्हणजे ज्याला भागायचे. पाचवीच्या मुलीला हे सांगण्यात काहीही जड नाही. गुण्य, गुणक, गुणाकार ही जोडीची नावे फळ्यावर शेजारी लिहिली की मुले आपण होऊन मान डोलावतात.

भागाकार हा शब्द मात्र खरोखरच अडचणीचा आहे. ‘भागाकार करा’ म्हणजे क्रिया करा आणि ‘भागाकार लिहा’ म्हणजे आलेले फळ लिहा. हिंदीत भाग आणि भागफल असे दोन शब्द असल्याने ही अडचण येत नाही. आपल्याकडे एकाच प्रश्नपत्रिकेत दोन्ही अर्थ लागोपाठ येतात आणि मुलाने संदर्भावरून ओळखावे अशी अपेक्षा असते. ही मुलगीही ‘भागाकार लिहा’ म्हटल्यावर कधी सगळी मांडणी उतरवून काढत असे आणि कधी केवळ वरची संख्या लिहीत असे.

क्रमाचेही तसेच आहे. १३६ ÷ ११ हे आपण ‘एकशे छत्तीस भागिले अकरा’ असे वाचतो, त्यात भाज्य आधी येतो. बोलताना ‘अकराने एकशे छत्तीसला भाग’ म्हणतो, त्यात भाजक आधी येतो. उभ्या मांडणीत डावीकडून वाचले तर पुन्हा भाजकच आधी भेटतो. ÷ ही खूण योहान रान या स्विस गणितज्ञाने १६५९ मध्ये भागाकारासाठी छापली. उभी मांडणी आणि बोलण्याची रीत वेगळ्या वाटांनी आलेली आहे. त्यामुळे कोणती संख्या आधी आली यावरून भाज्य ओळखायला शिकवणे टिकणारे नाही.

पहिला उपाय फसला

मी सुरुवात केली ती ताळा करण्यापासून, कारण शिक्षकाच्या हाताला तीच सवय असते. भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, हे सूत्र तिला पाठ होते. ११ × १२ = १३२, अधिक ४ म्हणजे १३६. ताळा जमला. मग मी विचारले, “तेरावा डबा पुरा करायला आणखी किती मोदक हवेत?” ती म्हणाली, “चार.”

यात तिचा काहीही दोष नव्हता. ताळा संख्यांची साक्ष देतो, अर्थाची देत नाही. १३२ मध्ये ४ मिळवल्यावर १३६ होतात हे पाहून तिचा समज उलट बळकट झाला, कारण चार मिळवल्यावर काहीतरी पुरे होते असेच तिच्या डोळ्यांसमोर आले. शाळेत आम्ही ताळ्याला समजुतीचा पुरावा मानत आलो. निदान या मुलीच्या बाबतीत तो पुरावा नव्हता.

चिंचोके

दुसऱ्या दिवशी मी १३६ चिंचोके मोजून आणले आणि बरण्यांची काही झाकणे. तिला म्हटले, “हे मोदक, हे डबे. भर.” तिने अकरा-अकरा मोजून बारा झाकणे भरली आणि हातात चार चिंचोके राहिले. मी ‘बाकी’ हा शब्द मुद्दाम टाळला आणि विचारले, “किती उरले?” ती म्हणाली, “चार उरले.” आणि लगेच तिचा चेहरा बदलला. तिने तेरावे झाकण पुढे ओढले, ते चार त्यात टाकले, रिकाम्या जागा बोटाने मोजल्या आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, सात हवे होते.”

‘उरले’ हा तिच्या आईच्या स्वयंपाकघरातला शब्द आहे. भात उरला, उकड उरली, सारण उरले. त्या शब्दात उणीव असूच शकत नाही. बाकीला उरणे हा अर्थ जोडून दिल्यावर पाच मिनिटांत जे झाले, ते सूत्राने दोन दिवसांत झाले नव्हते.

पाठ्यपुस्तकातला शब्द बदलणे माझ्या हातात नाही आणि परीक्षेत तिला बाकीच विचारली जाणार, म्हणून तो शब्द टाकून देणे योग्य झाले नसते. मी तिला दोन्ही अर्थ वहीत शेजारी लिहायला सांगितले : आईच्या वहीतली बाकी म्हणजे यायचे राहिलेले, गणिताच्या वहीतली बाकी म्हणजे वाटून उरलेले. तिने खाली स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली, “यायचे राहिलेले = ११ − ४.” हे तिला मी सांगितलेले नव्हते.

त्यावर मी थोडे पुढे गेले. मोदक १३२ असते तर? तिने भागले, १२ आले, बाकी ०. आणखी किती हवेत, असे विचारल्यावर ती आधी “अकरा” म्हणाली आणि मग झाकणांकडे पाहून थांबली. “नाही बाई, तेरावा डबा सुरूच केला नाही तर त्याला कशाला हवेत?” आईला तेरा डबे द्यायचेच असते तर अकराही बरोबर ठरले असते, हे तिला सांगितल्यावर तिने दोन्ही उत्तरे लिहून ठेवली आणि प्रत्येकापुढे प्रश्नही लिहिला. बाकी भाजकापेक्षा नेहमी लहान का असते, याचेही उत्तर तिला झाकणांतच मिळाले : अकरा उरले तर आणखी एक डबा भरतोच.

भाजक दोन कामे करतो

चिंचोक्यांवर आणखी एक गोष्ट दाखवणे आवश्यक होते. भाजक म्हणजे ‘जितक्या जणांत वाटायचे ती संख्या’ असे आपण मुलांना सर्रास सांगतो. मोदकांच्या हिशेबात अकरा जण कुठेच नाहीत. तिथे अकरा हे एका डब्याचे माप आहे. म्हणून मी तिला तेच १३६ चिंचोके अकरा घरांत सारखे वाटायला सांगितले. आता झाकणे अकराच मांडली आणि ती एकेक चिंचोका फिरवत गेली. प्रत्येक झाकणात बारा आले, हातात पुन्हा चारच राहिले.

संख्या त्याच होत्या, मांडणीही तीच असती. पण आधीच्या वेळी १२ हे डबे होते, या वेळी १२ हे एका घराच्या वाट्याचे मोदक. आधी ११ हे मोदक होते, आता ११ ही घरे. तिने हे चारही संख्यांपुढे शब्द लिहून मांडले :

१३६ मोदक = ११ मोदक × १२ डबे + ४ मोदक
१३६ मोदक = १२ मोदक × ११ घरे + ४ मोदक

या दोन ओळींकडे मी तिला बराच वेळ पाहू दिले. भाजकाचे आणि भागाकाराचे शब्द अदलाबदल होतात. भाज्याचा आणि बाकीचा शब्द मात्र हलत नाही, कारण बाकी हा भाज्याचाच न वाटलेला तुकडा आहे. मोदक वाटायला घेतले असतील तर उरणारही मोदकच. “मग लाडवांच्या वेळी तीन डबे चुकलं, तीन लाडू हवेत,” असे ती आपणहून म्हणाली आणि आठवड्यापूर्वीचे पान काढून तिने ते दुरुस्त केले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात शिकवण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. भागाकार शिकवताना पहिल्या दिवसापासून चारही संख्यांपुढे वस्तूचे नाव लिहायला लावले, तर कितीतरी गोंधळ उगवण्याआधीच थांबतील.

प्रश्नातले क्रियापद

लाडवांचे उदाहरण दुरुस्त झाल्यावरही त्याचे उत्तर पूर्ण बरोबर नव्हते. ७५ लाडवांना किती डबे लागतील, असा प्रश्न होता. आठ डबे भरतात, पण उरलेले तीन लाडू ओट्यावर ठेवायचे नसतील तर डबे नऊ लागतात. इथे मराठीचे क्रियापदच वाट दाखवते. किती डबे भरतील, आठ. किती डबे लागतील, नऊ. किती लाडू उरतील, तीन. शेवटचा डबा भरायला आणखी किती लाडू हवेत, सहा. भागाकार एकदाच केला, भाज्य आणि भाजक तेच राहिले, आणि प्रश्नातल्या एका शब्दावरून चार वेगवेगळी उत्तरे निघाली. तिच्या आईने चतुर्थीला विचारलेला ‘किती डबे होतील’ हा प्रश्नही असाच दोन बाजूंना झुकणारा होता, हे मुलीनेच मला दाखवून दिले.

आई एकदा अभ्यासिकेत आली तेव्हा मुलीने तिला चिंचोके मांडून सगळे समजावले. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “अगं, चार उरले म्हणाली असतीस तर मला कळलं असतं. बाकी चार म्हणालीस, मी चार केले.” म्हणजे त्या सकाळी बोलणारी आणि ऐकणारी दोघीही वहीतल्या उधारीचीच भाषा बोलत होत्या आणि म्हणूनच कोणालाही शंका आली नव्हती.

नंतरची निरीक्षणे

दिवाळीत त्या घरी २०० करंज्यांचे पंधरा-पंधराचे डबे भरायचे होते. मुलीने भागाकार केला, १३ आणि बाकी ५. आईला उत्तर देण्याआधी तिने विचारले, “भरलेले डबे सांगू, की लागणारे?” भरलेले तेरा, लागणारे चौदा, उरलेल्या पाच करंज्या, आणि चौदावा भरायचा असेल तर आणखी दहा. हे सर्व तिने एका ओळीत लिहून दिले, असे आईने सांगितले. ऑर्डरच्या वहीतला रकाना आजही ‘बाकी’ असाच आहे आणि तो तसाच राहावा, असे मला वाटते. तो शब्द तिथे चुकीचा नाही.

जागेवरून नाव ठरवण्याची सवय जायला अधिक वेळ लागला. मी रोज मांडणी बदलत राहिले. कधी आजोबांची, कधी शाळेची, कधी नुसते ‘भागिले’ लिहून, तर कधी आडव्या रेघेवर अपूर्णांकासारखी. साधारण महिन्याभरानंतर ती नाव लिहिण्यापूर्वी ‘काय वाटायचंय?’ असे स्वतःशी पुटपुटू लागली.

‘मोठी संख्या आत’ ही समजूत मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. ४ भाकऱ्या ८ जणांत वाटल्या तर एकाला किती, हे तोंडी विचारले की ती लगेच “अर्धी” म्हणते, आणि कागदावर मांडायला सांगितले की तिचा हात अजूनही आठला आत ठेवायला जातो. गेल्या आठवड्यात तिने स्वतःला थांबवले, ४ आत लिहिले, ८ बाहेर लिहिले, वर शून्य ठेवले आणि खाली ४ लिहून त्यापुढे ‘भाकऱ्या’ असा शब्द लिहिला. मग बराच वेळ त्या चाराकडे पाहून तिने विचारले, “बाई, हे सगळंच उरलं. आता हे मोडून वाटायचं का?” पुढच्या तासापासून आम्ही अंश आणि छेद सुरू केले आहेत.